सीना सरळ केली तर पूर जाईल का? नदीचं वळण तोडण्याचा हिशोब, सोप्या भाषेत

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, तेव्हापासून आमच्या सोलापूर जिल्ह्यात एक प्रश्न काही केल्या संपेना झालाय. लांबोटीपाशी पुण्याचा हायवे बंद, वडकबाळला विजापूरचा रस्ता बंद, करमाळा माढा मोहोळ जिकडं बघावं तिकडं उभं पीक पाण्याखाली, हे बघितल्यावर माणसाला वाटणारच की आता नदीलाच काहीतरी केलं पाहिजे. आमचा एक मावसभाऊ सीनेच्या काठाला राहतो. त्याची दोन एकर माती गेली, म्हणजे पीक गेलं असं नाही, मातीच खरवडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मोबाईलवर मॅप उघडला, सॅटेलाइट व्ह्यू लावला आणि एका वळणावर बोट ठेवून म्हणाला, "दादा, हे बघ की. हितनं हितं सरळ गेली तर दीड किलोमीटर. आन ही बया सात किलोमीटर फिरून येतीय. चार पोकलेन लावले तर उन्हाळ्यात काम खलास. इंजिनिअर लोकांना हे दिसत नाही काय?"

दिसतं की. दोनशे वर्षांपासून दिसतंय. जर्मनीत, हंगेरीत, अमेरिकेत, चीनमध्ये लोकांनी नेमकं हेच केलं, काही ठिकाणी फायदा पण झाला, आणि काही ठिकाणी नंतर इतकं निस्तरावं लागलं की अजून निस्तरतायत. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, "नदीचे कार्य" हा धडा मला झोपेत पण पाठ आहे, पण त्या धड्यात वळणाचं चित्र असतं आणि वळण कापलं तर काय होतं हे कुठं नसतं. म्हणून हा उद्योग.

आधी हे बघू, नदी वाकडी का चालते

आपल्याला वाटतं पाणी उताराला सरळ खाली जाणार, मध्ये काही आडवं आलं तर वळणार. डोंगरात तसंच असतं. पण सपाट मुलखात, मऊ मातीत, कुठलाही अडथळा नसताना पण नदी नागमोडी होते. आणि ही वळणं कशीपण नसतात. जगातल्या नद्या मोजून बघितल्या तर एका पूर्ण नागमोडीची लांबी नदीच्या पात्राच्या रुंदीच्या साधारण दहा ते चौदा पट भरते. ओढा असो नाहीतर मिसिसिपी, प्रमाण तेच. म्हणजे हा काही योगायोग नाही.

यामागचं कारण आइनस्टाइननं १९२६ मध्ये चहाच्या उदाहरणानं सांगितलं होतं, तोच आइनस्टाइन. तुम्ही पण करून बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चिमूटभर चहापूड टाका, चमच्यानं गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. पूड कडेला फेकली जाईल असं वाटतं ना, पण ती तळाला मधोमध गोळा होते. कारण वरचं पाणी जोरात फिरतं म्हणून कडेला रेटलं जातं, तळाचं पाणी ग्लासाला घासून मंदावलेलं असतं, आणि कडेला जमलेल्या पाण्याचा दाब त्याला आत ढकलतो. वरून बाहेर, खालून आत, असा एक लपलेला फेरा चालू होतो.

नदीच्या वळणात हेच. वरचं जोरदार पाणी बाहेरच्या काठावर आपटतं आणि काठ कापतं, तिथंच डोह पडतो. तळाचं मंद पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडं सरकतं आणि ती वाळू तिथं टाकतं. बाहेरचा काठ कापला जातोय आणि आतला भरतोय, म्हणजे वळण दरवर्षी थोडं थोडं वाढणार. तुमच्या गावातला डोह आणि वाळूचा पट्टा आठवा, बहुतेक समोरासमोर सापडतील.

आता मुद्द्याची गोष्ट. वळण घेतल्यामुळं नदीची लांबी वाढते, आणि लांबी वाढली की उतार कमी होतो. तुळजापूरचा घाट आठवा. कोजागरीला सोलापुरातून चालत जाणाऱ्यांना माहितीय, रस्ता वळणं घेत चढतो म्हणून चढता येतं, तीच चढण नाकासमोर सरळ केली असती तर निम्मे लोक पायथ्यालाच बसले असते. नदीचं उलटं, ती उतरतेय. वळणं हे तिचे ब्रेक आहेत.

कट-ऑफ म्हणजे काय

वळण वाढत वाढत इतकं होतं की त्याची दोन टोकं एकमेकांजवळ येतात, घोड्याच्या नालेसारखी. दोन टोकांच्या मधली ती चिंचोळी जमीन म्हणजे वळणाची मान. एखाद्या पुरात नदी ती मान स्वतःच कापते आणि सरळ निघून जाते. मागं राहिलेलं जुनं वळण दोन्हीकडून गाळानं बंद होतं आणि त्याचं तळं होतं, पुस्तकात त्याला नालाकृती सरोवर म्हणतात. हा झाला नैसर्गिक कट-ऑफ.

तेच काम माणसानं मशीन लावून केलं की कृत्रिम कट-ऑफ. यात एक गंमत आहे, पूर्ण रुंदीचं पात्र खणायची गरजच नसते. मानेतून एक अरुंद चर काढायची, तिला पायलट चॅनेल म्हणतात, आणि पुराची वाट बघायची. आखूड रस्ता मिळाला की पाणी जोरात घुसतं आणि चर आपोआप रुंद करून टाकतं. म्हणजे खर्च कमी, कामगार नदी स्वतः. जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीवर पोकलेन नव्हते तेव्हा हातानं खणलेल्या चरांनी हेच केलं. त्यामुळं मावसभावाची आयडिया येडी अजिबात नाही, पोकलेनचा हिशोब पण फार चुकलेला नाही. गडबड आहे ती पाणी सुटल्यानंतरची.

दीड किलोमीटरचं गणित

त्याचंच वळण घेऊ. सात किलोमीटरच्या फेऱ्यात नदी समजा साडेतीन मीटर खाली उतरते, म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटर. आता मान कापली. वरचं टोक तिथंच, खालचं टोक तिथंच, म्हणजे उतरायचं अजून पण साडेतीन मीटरच, पण आता दीड किलोमीटरमध्ये. उतार झाला किलोमीटरला सव्वादोन मीटरच्या वर. साडेचारपटीपेक्षा जास्त.

उतार चौपट झाला की वेग चौपट होत नाही, वर्गमुळाच्या हिशोबानं साधारण दुप्पट होतो (खोली तीच धरली तर). पण वेग दुप्पट झाला की वाळू माती ओढून न्यायची ताकद दुप्पट होत नाही, ती आठपट आणि त्याच्या पण पुढं जाते. सगळी मेख इथं आहे. उसाला दारं धरणाऱ्या माणसाला हे सांगायला लागत नाही, सरी उताराच्या बाजूनं काढली की पहिल्याच पाण्याला माती खाली, म्हणून तो सरी आडवी काढतो. नदीनं पण स्वतःची सरी आडवीच काढलेली असते.

इंजिनिअर लोक यासाठी तराजूचं चित्र काढतात. एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्या पारड्यात गाळ आणि त्याच्या दाण्याचा आकार. काटा मध्ये असला तर नदी ना तळ खाते ना तळ भरते. आपण वळण तोडलं म्हणजे पहिल्या पारड्यात वजन टाकलं. आता नदी दुसऱ्या पारड्यात वजन कुठून आणणार? स्वतःच्या तळातून आणि तुमच्या काठातून. दुसरं कुठं आहे तिच्याकडं.

"ते ठीक आहे, पण पाणी लवकर निघून गेलं तर चांगलंच ना?"

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं अर्धं उत्तर "हो" आहे. जिथं वळण तोडलं तिथं आणि त्याच्या थोडं वर पुराची पातळी खरंच उतरते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण पाणी "निघून गेलं" म्हणजे कुठं गेलं? एक लाख क्युसेकनं नदी दिवसभर वाहिली तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी होतं. (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, पूर्ण भरलेलं उजनी धरण ११७ टीएमसीच्या आसपास.) वळण तोडून या साडेआठातलं एक थेंब पण कमी होत नाही. ते फक्त खालच्या गावाला आधी पोचतं आणि जास्त एकदम पोचतं.

पंढरपूरची दर्शनबारी डोळ्यासमोर आणा. आषाढीला ती रांग अशी मागं पुढं, मागं पुढं वळवून नेलेली असते, नवीन माणूस वैतागतो की समोर कळस दिसतोय आणि मला उलट कुठं पाठवताय. आता कुणी शहाण्यानं सगळे बॅरिकेड काढून रांग सरळ केली तर माणसं कमी झाली का? तेवढीच माणसं दारावर एकदम येऊन धडकली, एवढंच झालं. बारीतल्या वळणांचं काम माणसं थोपवायचं आहे. नदीचं वळण आणि त्याच्या आजूबाजूची मळईची (पुरानं गाळ टाकलेली) जमीन हे पुराला असंच थोपवून धरतात.

आणि इथं मला एक चिडून सांगायचंय. पाचशे साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा आपला जिल्हा. सीना खाली कुडलला भीमेला मिळते आणि भीमा पुढं कर्नाटकात जाते. आपण आठ महिने टँकर टँकर करतो, उजनीच्या पाळीवरून भांडतो, शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येणार हे कॅलेंडरवर लिहून ठेवतो, आणि राहिलेल्या चार महिन्यांत पाणी जिल्ह्याबाहेर लवकर कसं काढता येईल याची स्कीम करायची? नदी जितकी फिरते तितकी ती काठात मुरते, विहिरींना झरे देते. सात किलोमीटरचा काठ दीड किलोमीटरचा केला म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या काठावरच्या विहिरी आपण नदीपासून तोडल्या.

वरच्या गावाला काय त्रास? पाणी तर खाली गेलं

हे सगळ्यात न पटणारं आहे, म्हणून जरा दमानं घेतो. कट-ऑफचा त्रास खाली जातो हे लगेच कळतं, पण तो वरच्या अंगाला पण चढत जातो.

कापलेल्या जागी उतार एकदम जास्त झाला, तिथं तळाला एक छोटी पायरी पडते, बुटका धबधबाच म्हणा. पाणी त्या पायरीची कड खातं, कड मागं सरकते, परत खातं, परत सरकते. पायरी उलट्या दिशेनं, नदीच्या वरच्या अंगाला चालायला लागते. शेताच्या बांधाला फुटलेली घळ पावसाळ्यागणिक वर वर सरकत मधल्या शेतात शिरते ते बघितलंय ना, तसंच. जिथून ती पायरी गेली तिथला नदीचा तळ खाली गेला. तळ खाली गेला की काठ उंच आणि उभा राहतो आणि ढासळतो. पुलाचे पाये उघडे पडतात. ज्या ओढ्यांचं तोंड नदीला आहे त्या ओढ्यांतून पण पायरी वर घुसते. नदीतून पाणी उपसायच्या जॅकवेलला पाणी लागेनासं होतं, विहिरी उतरतात.

अमेरिकेत मिसूरी राज्यात ब्लॅकवॉटर नावाची एक नदी १९१० च्या सुमाराला सरळ केली, शेती वाचावी म्हणून. पुढं पात्र इतकं खोल आणि रुंद होत गेलं की पूल कोसळले, आणि नवे पूल आधीच्यापेक्षा लांब बांधायला लागले. शेती वाचवायला गेले आणि पात्रानंच शेती खाल्ली.

तिकडं खालच्या बाजूला उलटं. वर खरवडलेली सगळी वाळू माती जिथं उतार परत कमी होतो तिथं बसते, पात्र उथळ होतं, आणि तिथला पूर पहिल्यापेक्षा वर चढतो. मग तिथले लोक म्हणतात, आमचं पण वळण तोडा.

"मग परदेशातले येडे होते का?"

नव्हते. ऱ्हाइनचीच गोष्ट घ्या. १८१७ मध्ये योहान गॉटफ्रीड टुल्ला नावाच्या इंजिनिअरनं बाडेन संस्थानात हे काम सुरू केलं. तिथं ऱ्हाइन दरवेळी पात्र बदलायची, गावं वाहून जायची, सरहद्द पण नदीबरोबर हलायची. क्नीलिंगन गावच्या लोकांनी विरोध केला तेव्हा शिपाई आणून खोदकाम केलं, म्हणजे प्रकल्पाला विरोध आणि बंदोबस्त ही काही आपलीच खासियत नाही. काम १८७६ पर्यंत चाललं, टुल्ला त्याच्या कितीतरी आधी १८२८ लाच वारला होता. बासेलपासून वोर्म्सपर्यंत ३५४ किलोमीटरची नदी २७३ वर आली, ८१ किलोमीटर कमी. दलदल आटली, मलेरिया हटला, शेतीला जमीन मिळाली. त्या पट्ट्यातल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं टुल्लाचा फोटो देव्हाऱ्यात लावला असता.

पण बासेलच्या खाली नदीनं तळ खायला सुरुवात केली, काही ठिकाणी सहा सात मीटर खोल गेली, भूजल खाली गेलं, काठची ओली रानं सुकली. पुढं विसाव्या शतकात बंधारे कालवे पण झाले आणि पुराची लाट खालच्या शहरांकडं पूर्वीपेक्षा बरीच लवकर जायला लागली. आता जर्मनी फ्रान्स मिळून पुराचं पाणी थांबवायला काठाला जागा परत मोकळ्या करतायत.

हंगेरीची तिसा नदी तर अजून मोठं काम. १८४६ ला सुरुवात, शंभराहून जास्त वळणं तोडली, १,४१९ किलोमीटरची नदी ९६६ वर आणली आणि दोन्ही अंगांना बांध घातले. लाखो हेक्टर दलदल शेतीखाली आली. पण पसरायला जागा नाही आणि रस्ता आखूड, त्यामुळं प्रत्येक मोठ्या पुराला पाण्याची पातळी आधीच्यापेक्षा वर जायला लागली. मार्च १८७९ मध्ये सेगेद शहराजवळचा बांध फुटला. शहरात साधारण पावणेसहा हजार घरं होती, पुरानंतर जेमतेम अडीचशे तीनशे उभी राहिली. आज सेगेदचे जे सुंदर गोल रिंगरोड आहेत ते त्या पुरानंतर शहर नव्यानं बांधताना आखलेले आहेत.

आणि मिसिसिपी. मला सगळ्यात जास्त ही गोष्ट आवडते कारण त्यात एकाच वळणाचा खेळ आहे. १८३१ मध्ये हेन्री श्रीव्ह नावाच्या माणसानं बोटींचा वेळ वाचावा म्हणून लुइझियानातलं एक वळण कापलं. त्या वळणाच्या वरच्या अंगाला रेड नावाची नदी येऊन मिळायची आणि खालच्या अंगातून अचाफलाया नावाचा एक फाटा निघून समुद्राकडं जायचा. फाटा लाकडाच्या ओंडक्यांनी तुंबलेला होता, नंतर लोकांनी ते ओंडके पण काढले. झालं, मिसिसिपीला समुद्राचा जवळचा रस्ता सापडला. दरवर्षी जास्त जास्त पाणी तिकडं जायला लागलं, १९५० च्या आसपास हिशोब केला तर लक्षात आलं की थोड्या वर्षांत अख्खी नदीच तिकडं वळेल आणि न्यू ऑर्लिन्स बंदर खाडीवर बसेल. मग १९६३ ला दरवाजांचं एक अवाढव्य स्ट्रक्चर बांधून पाणी ७०-३० असं वाटायला सुरू केलं. १९७३ च्या पुरात ते स्ट्रक्चरच जाता जाता वाचलं. अजून पण रोज पाणी वाटणं चालूच आहे. एका वळणासाठी.

त्याच नदीवर १९२७ च्या महापुरानंतर, १९३२ ते १९४२ मध्ये, सोळा वळणं तोडून लांबी दीडशे मैलांनी, म्हणजे साधारण २४० किलोमीटरनी कमी केली. पुराची पातळी बऱ्याच ठिकाणी कित्येक फूट उतरली, हे यशच आहे. पण नदी लगेच परत वळणं घ्यायला लागली, आणि तिला सरळ धरून ठेवायला काठाला सिमेंटच्या चटया अंथरायचं काम सुरू झालं, ते पुढं कित्येक दशकं चालत राहिलं. अमेरिकेला ते परवडतं. आपल्याकडं पुलाचा कठडा तुटला तर तीन वर्षं बांबू बांधलेला असतो.

"नदी स्वतःच वळण तोडते, मग आपण तोडलं तर काय बिघडलं?"

चांगला प्रश्न, वर्गात मला एका पोरानं विचारला होता आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

नदी एक वळण तोडते तेव्हा बाकीची पाच पन्नास वळणं वाढत असतात. इकडं लांबी कमी, तिकडं लांबी जास्त, गोळाबेरीज सारखी राहते. आपण तोडतो ते ओळीनं, एकदम, आणि परत वाढू देत नाही कारण मधल्या जमिनीवर लगेच सातबारा निघतो, लेआउट पडतो. नैसर्गिक कट-ऑफनंतर पण वर तळ खाल्ला जातो, काठ पडतात, फक्त नदीला तो झटका जिरवायला जागा आणि वेळ असतो.

"आपली नदी काळ्या दगडातली, ती कुठं तळ खाणार?"

हे बरोबर आहे आणि म्हणूनच इथं जास्त जपून बोलायला पाहिजे. ऱ्हाइन मिसिसिपी या गाळाच्या मैदानातल्या नद्या. भीमा सीना दख्खनच्या दगडावरून वाहतात, बऱ्याच ठिकाणी पात्रात खाली बेसाल्ट उघडा आहे. आपल्याकडची वळणं फार जुनी, हळूहळू खोल कोरलेली. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, आणि ती कोर शतकानुशतकं जागेवर आहे, बिहारमधल्या कोसीसारखी गावं सोडून पळत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अशा वळणाची मान बहुतेक उंचवट्याची असते आणि खाली कातळ, म्हणजे चार पोकलेनचं काम राहत नाही, ब्रेकर आणि सुरुंग आले. दोन, तळाला दगड लागला की नदीची जास्तीची ताकद खाली जिरत नाही, ती आडवी जाते. काठाला काय आहे? पिवळट गाळाच्या उभ्या दरडी आणि वर काळी माती. ती कशी कोसळते हे काठावरच्या माणसाला मी काय सांगणार.

शिवाय तराजूचं एक पारडं आपण आधीच बिघडवून ठेवलंय. वाळू उपसा. नदीतली वाळू नेली म्हणजे दुसऱ्या पारड्यातलं वजन काढून घेतलं, परिणाम वळण तोडल्यासारखाच, तळ खाली आणि काठ ढासळलेले. रात्रीच्या ट्रकनं जे चालतं त्यावर अजून कट-ऑफ.

ओढ्याचं सरळीकरण पण त्यातच आलं का?

आलं, लहान प्रमाणावर. "नाला खोलीकरण, रुंदीकरण, सरळीकरण" हे तीन शब्द आपल्याकडं एका दमात म्हणतात, पण ते तीन वेगळे उद्योग आहेत. टप्प्याटप्प्यानं खोल केलं, मध्ये बंधारे ठेवले, तर पाणी अडतं आणि मुरतं, हे बऱ्याच गावांनी अनुभवलंय. सरळीकरणात पाणी पळतं. एका हातानं अडवायचं, दुसऱ्या हातानं पळवायचं, आणि बिल एकच. ओढ्याच्या वळणामुळं शेताला तिरकस तुकडा येतो, ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून शेतकऱ्याला पण सरळीकरण हवंच असतं, त्याचं चूक म्हणता येत नाही. पण मग दर थोड्या अंतरावर तळ धरून ठेवणारा दगडी नाहीतर सिमेंटचा आडवा बांध पाहिजे, म्हणजे वर सांगितलेली ती पायरी मागं चालत जाणार नाही. एखाद्या पुलाला किंवा गावठाणाला वाचवायला लहानसा कट-ऑफ करावाच लागला तर तिथं पण हीच अट.

एकदा सरळ केलेलं परत वाकडं करता येतं?

येतं, पैसा असला तर. फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ मध्ये १६६ किलोमीटरवरून ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात घातली होती. पूर गेला, पण त्याबरोबर पाणथळ जागा, मासे, बदकं सगळंच गेलं. लोकांनी ओरडा केला, आणि १९९९ पासून त्या कालव्याचा मधला भाग मातीनं बुजवून नदी जुन्या वळणांत परत सोडायला सुरुवात झाली, काम २०२१ मध्ये संपलं. बुजवायला खणण्याच्या कितीतरी पट पैसे गेले. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुरात अडीच लाख लोक हलवायला लागले, त्यानंतर त्यांनी तीसहून जास्त ठिकाणी नदीला जागा करून दिली, कुठं बांध मागं घेतले, कुठं पात्र रुंद केलं. ज्यांचा निम्मा देश बांधांच्या जिवावर उभा आहे त्यांनी हे केलं, म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं.

मग सीनेचं काय?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. वळणाला हात लावू नये. आधी पात्रात आपण जे घुसवलंय ते मोजावं. पूररेषा दोन असतात, निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या गावाच्या निळ्या रेषेच्या आत काय काय बांधलंय ते बघा, मग नदी वाकडी आहे का आपण, ते कळेल. रस्त्याचे उंच भराव आणि त्यात ठेवलेल्या आखूड मोऱ्या, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात वेळेवर न काढलेले बर्गे (पाणी अडवायला घालतात ती दारं), त्यात अडकलेली झाडं आणि कचरा, आणि सगळ्या पात्रभर माजलेली वेडी बाभळ. यातली प्रत्येक गोष्ट पाणी वर चढवते, आणि यातली एक पण काढायला नदीचा उतार बदलावा लागत नाही.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं, अर्धा तास गेला. तो म्हणाला, "बरं, पण पोकलेनवाल्याला मी ॲडव्हान्स दिऊन बसलोय त्याचं काय करू?"

त्याला म्हटलं, तुझ्या शिवेच्या खाली बंधारा आहे, त्याच्या वरच्या अंगाला बाभळीचं रान झालंय, चार गावचे लोक आणि पाटकरी बोलवून परवानगी काढ आणि ते मुळासकट काढायला लाव. राहिलेल्या तासांत तुझ्या खरवडलेल्या दोन एकरावर तलावातला गाळ आणून टाक. गाळाचे ट्रिप किती लागतील ते आता तो मोजतोय.